‘कुठला माग?’ : ईयोब ७:६ वर अडलेल्या एका थीसिसचं प्रकरण

मुलीचं नाव घालत नाहीये, तिनंच सांगितलंय की अक्का लिही पण नाव नको, आणि ती शिकते त्या संस्थेचंही नको. एवढं सांगते की पोरगी सोलापूरच्या पूर्व भागातली, घरात तेलुगू, शाळा मराठी, आई विड्या वळते, वडील टॉवेलच्या कारखान्यात, आणि आजोबा, ज्यांना ती ताता म्हणते, ते चौदाव्या वर्षापासून मागावर बसलेले माणूस. बी.ए. झाल्यावर चार वर्षं बी.डी. ही धर्मशास्त्राची पदवी केली आणि आता एम.टीएच.च्या, म्हणजे त्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या, दुसऱ्या वर्षाला आहे, विषय जुना करार, बायबलचा मुख्यतः हिब्रूत लिहिलेला पहिला भाग. ज्यांना ही लाइन माहीत नाही त्यांच्यासाठी, आपल्याकडच्या बऱ्याच सेमिनरींत मिळणारी ही डिग्री सेरामपूरच्या सिनेटची असते, १८२७ला डेन्मार्कच्या राजानं सेरामपूर कॉलेजला सनद दिली आणि १९१८ला त्याचा कायदा झाला, त्यावर हे सगळं उभं आहे. जुना करार घेतला की हिब्रू आलीच, तिथं सूट नाही.

चर्चमधल्या वडीलधाऱ्यांनी तेव्हाच विचारलं होतं की मराठी बायबल आहे, तेलुगू आहे, हिब्रू शिकून काय करणार. मला या प्रश्नाचा राग येत नाही, कारण माणसं मनापासून विचारतात. पण उत्तर द्यायला हवं ना, आणि हे प्रकरण म्हणजे मला सापडलेलं सगळ्यात चांगलं उत्तर आहे म्हणून नीट लिहायला घेतलंय. मी स्वतः जुन्या करारातच एम.टीएच. केलंय, आता सोलापुरात शाळेत शिकवते आणि शनिवारी संध्याकाळी घरी तीन-चार मुलांना हिब्रू वाचायला बसवते, ही त्यातलीच पहिली.

काय झालं होतं

तिच्या थीसिसचा विषय जुन्या करारातल्या विणकामाच्या प्रतिमा. शास्ते १६ मधली दलीला शमशोनाचे केस मागात विणते ती, यशया ३८:१२ मधलं हिज्कीया राजाचं गाणं, ईयोब ७:६, आणि शेवटी नीतिसूत्रे ३१ मधली सूत कातणारी बाई. ही सगळी जुन्या करारातली पुस्तकं, पुढचे आकडे अध्यायाचे आणि ओळीचे. विषय तिनंच निवडला आणि निवडताना डोळे चमकत होते, की अक्का, हे माझ्या घरातलं आहे. खरंच होतं ते. शाळेतून आल्यावर कांड्या, म्हणजे मागावर लागणाऱ्या सुताच्या नळ्या, भरलेली पोर आहे ती.

तिसरं प्रकरण ईयोबावर, चाळीस पानं. ईयोब म्हणतो माझे दिवस धोट्याहून वेगानं जातात. मराठीत धोटा, तेलुगूत नाडे, इंग्रजीत शटल, म्हणजे मागाच्या उभ्या धाग्यांतून आडवा धागा घेऊन इकडून तिकडं जाणारं साधन, कांडी त्याच्यातच बसते. तिनं त्यावर सुंदर लिहिलं होतं, यंत्रमागाचा आवाज, मिनिटाला शंभराच्या वर फेऱ्या मारणारा धोटा, डोळ्याला दिसतच नाही इतका वेग, आणि आयुष्य असंच खटाखट इकडून तिकडं जातं, वगैरे. वाचताना मलासुद्धा लहानपणचं अशोक चौकाकडचं रात्रीचं आवाजाचं गाव आठवलं.

गाइडनी चाळीस पानं परत पाठवली. पहिल्या पानावर समासात दोनच शब्द. कुठला माग? बाकी पानांवर खूण नाही, काही नाही.

नाताळच्या सुट्टीत आली ती अशी की थीसिस सोडायचा, चर्चच्या शाळेत नोकरी बघायची, सगळं ठरवूनच. तिला वाटत होतं गाइडनी तिच्या घराचा अपमान केलाय, की आमच्या मागावरून बोललं तर ते शास्त्र नाही आणि जर्मन माणसानं पुस्तकातून बोललं तर ते शास्त्र. हे अगदी खोटं आहे असं मी म्हणणार नाही, असं घडतं, मी पाहिलंय. पण या वेळी गाइडचा प्रश्न बरोबर होता आणि ते तिला सांगायचं काम माझ्यावर आलं.

ओळ उघडून बघितली

पहिले दोन दिवस आम्ही प्रकरणाला हातच लावला नाही, फक्त ओळ वाचली. माझ्याकडं हिब्रू बायबलची श्टुटगार्टवाली आवृत्ती आहे, जिचा पाया लेनिनग्राड कोडेक्स म्हणजे इसवी सनाच्या १००८-०९च्या सुमाराची हस्तलिखित प्रत. उजवीकडून डावीकडं, सात शब्द. यामाइ कल्लू मिन्नी आरेग, वय्यिखलू ब-एफेस तिक्वा. माझे दिवस, हलके/वेगवान झाले, पेक्षा, आरेग, आणि संपले, नसताना, तिक्वा.

आरेग शब्द कोशात शोधला तर सापडत नाही, कारण ओळीत विराम आला की स्वर लांबतो आणि एरेगचा आरेग होतो, कोशात एरेग बघायचं असतं. हे तिला येत होतं. पण एरेग उघडल्यावर पुढं काय लिहिलंय ते तिनं घाईत वाचलंच नव्हतं, कारण अर्थ तिला आधीच माहीत होता, धोटा. तर कोशात असं की हा शब्द अख्ख्या हिब्रू बायबलात फक्त दोनदा येतो, एकदा इथं आणि एकदा शास्ते १६:१४ मध्ये, दलीलेच्या गोष्टीत. आणि तिथं तो धोटा नाहीच. तिथं शमशोन झोपेतून उठतो आणि एरेगची खुंटी उपटून ताण्यासकट, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांसकट, निघतो, म्हणजे तिथं एरेग म्हणजे माग किंवा मागावरचं विणकाम. धोट्याला खुंटी कुठली. मूळ धातू अ-र-ग म्हणजे विणणं. ‘धोटा’ हा ईयोबातला अर्थ वेगाच्या संदर्भावरून लावलेला आहे, कारण मागापेक्षा वेगवान म्हटलं तर माग कुठं पळतो, पळतो तो धोटा. तर्क चांगला आहे, पण तर्क आहे.

ती गप्प झाली. मग म्हणाली, अक्का म्हणजे मी चाळीस पानं एका तर्कावर लिहिली आणि तर्क आहे हेच लिहिलं नाही.

पुढचा मुद्दा मागाचा. दोरी ओढली किंवा यंत्र फिरलं की धोटा आपोआप पळतो, ही सोय जॉन के नावाच्या इंग्रज माणसाची, १७३३ची. त्याच्या आधी धोटा हातानं फेकायचा, या हातातून त्या हातात. १६११च्या इंग्रजी बायबलातही शटल आहे, ते शटल म्हणजे हा हातानं फेकायचा धोटा. आणि ईयोबाच्या काळात तर त्याहून वेगळं. बायबलच्या त्या प्रदेशात उत्खननांत मातीची वजनं ढिगानं सापडतात, भोकं पाडलेली, ती उभ्या मागाच्या ताण्याला खाली लटकवायची. दुसरा माग जमिनीवर आडवा, चार खुंट्या ठोकलेल्या, इजिप्तमध्ये बेनी हसनच्या थडग्यांत भिंतीवर त्याची चित्रं आहेत. दोन्हीकडं बाणा, म्हणजे आडवा धागा, हातानंच, काठीला गुंडाळलेला धागा ताण्यातून पलीकडं सरकवायचा. तिथं मिनिटाला शंभर फेऱ्या नाहीत, तिथं खटाखट नाही. तिच्या प्रकरणातली सगळ्यात सुंदर बारा पानं त्या आवाजावर उभी होती.

इथं माझी एक चूक झाली, ती लिहायला हवी. मी तिला म्हटलं धोटा काढून टाक, सोलापूर काढून टाक, फक्त उत्खनन आणि कोश ठेव, गाइड खूश होतील. तिनं चार दिवस तसं लिहिलंही. मेलेलं लेखन होतं ते. मी वाचलं आणि मला कळलं की आजार बरा करायला मी जीवच काढून घेतलाय.

ताता काय बोलले

सातव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले, दुपारी, भाकरी आणि शेंगाचटणी समोर. ताता आता मागावर बसत नाहीत, गुडघे गेलेत, पण शेजारच्या कारखान्यात जुना माग बंद पडला की अजून त्यांना बोलावतात. पोरीनं त्यांना तेलुगू बायबलातली तीच ओळ वाचून दाखवली, नाडेपेक्षा वेगानं जातात आणि आशा नसताना संपतात.

ताता म्हणाले, नाडे वेगानं जातो हे कोण बघतंय, मागावर बसणारा नाडेकडं बघतच नाही, तो कांडीकडं बघतो. कांडी किती उरली. कांडी संपली आणि लक्ष गेलं नाही तर धोटा रिकामाच पळत राहतो, कापडात धाग्याविना रेघ पडते, आणि ती चादर सेकंडमध्ये जाते.

हे बोलताना त्यांनी दोन बोटं जवळ आणून दाखवली, मधे धागा पकडल्यासारखी, आणि मग बोटं सोडली. मी ते दृश्य विसरणार नाही.

आणि पोरीच्या डोक्यात तिक्वा पेटला. कारण तिक्वाचे दोन अर्थ आहेत आणि दुसरा तिला पाठ होता, बी.डी.च्या परीक्षेला आलेला. यहोशवा २ मध्ये यरीहोची राहाब खिडकीला लाल दोरा बांधते, तिथला शब्द तिक्वाच आहे, दोर, धागा. एक शब्द, आशा आणि धागा. ईयोब विणकामाची उपमा काढतो आणि लगेच म्हणतो की दिवस संपले तिक्वा नसताना. आशा नसताना, आणि धागा संपल्यामुळं. ही कोटी तिचा शोध नाही, जुन्या भाष्यांतही नोंदलेली आहे, तिच्या पहिल्या ड्राफ्टमध्येही ती एका वाक्यात होती, पण तळटीपेसारखी, कारण तिचं सगळं लक्ष पळणाऱ्या धोट्यावर. तातांनी लक्ष कांडीवर नेलं.

मराठी वाचकाला तर ही कोटी समजावून सांगायचीच गरज नाही. आपण म्हणतोच की आयुष्याची दोरी बळकट म्हणून वाचला, आशेचा धागा तुटला. इंग्रजी भाष्यकाराला जिथं अर्धं पान लागतं तिथं आपल्याला एक शब्द पुरतो. मग आपल्या बायबलात फक्त आशा का राहिली, धागा का गळला, हा प्रश्न तिनं तिथंच जेवता जेवता विचारला आणि तो आता तिच्या प्रकरणाचा शेवटचा भाग आहे.

तातांना मी मुद्दाम यशयातली ओळपण विचारली. हिज्कीया म्हणतो मी विणकऱ्यासारखं माझं आयुष्य गुंडाळलं, तो मला मागावरून कापून काढतो. ताता लगेच म्हणाले, ते वेगळं, ते कापड झालंय म्हणून कापतात, मागावर फक्त ताण्याची टोकं उरतात. हिब्रूत तिथं दल्ला शब्द आहे आणि त्याचा अर्थ कोशात नेमका हाच दिलाय, मागावर उरलेली ताण्याची टोकं. कोश न बघता ते बोलले. म्हणजे हिज्कीयाचं कापड कुणीतरी कापतंय, आणि ईयोबाचं कापड अर्धंच आहे, कुणी कापलं नाही, धागाच संपला. दोघं मरणाबद्दल बोलतात, दोघं मागाबद्दल बोलतात, पण दोन मरणं सारखी नाहीत. तिच्या थीसिसमध्ये दुसरं आणि तिसरं प्रकरण आत्तापर्यंत एकमेकांना ओळखतच नव्हती, ती इथं जोडली गेली.

चाळणी

मग आम्ही एक साधी चाळणी लावली, तिला मी आता शनिवारच्या सगळ्या मुलांना शिकवते. मागावरचं जे काही लिहायचंय ते प्रत्येक वाक्य घ्यायचं आणि विचारायचं, हे मातीच्या वजनांच्या मागावरही खरं आहे का. धोटा डोळ्याला दिसत नाही इतका पळतो, नाही, काढा. रात्रभर आवाज, नाही, काढा. बाण्याचा धागा मोजकाच असतो आणि संपतो, हो, काठीला गुंडाळा नाहीतर कांडीला भरा, संपतोच, ठेवा. विणणाऱ्याची नजर उरलेल्या धाग्यावर असते, इथं आम्ही वाद घातला, ती म्हणाली हो, मी म्हटलं बहुतेक हो पण पुरावा दे नाहीतर ‘आजच्या विणकराच्या अनुभवावरून’ असं स्पष्ट लिही. तिनं तसं लिहिलं, तातांचा उल्लेख मुलाखत म्हणून केला, तारखेसकट. चाळीसची सव्वीस पानं झाली.

अजून एक गोष्ट, आणि माझ्या मते मागाच्या चुकीपेक्षा ही मोठी. ग्रीक सेप्टुअजिंटमध्ये, म्हणजे ख्रिस्ताच्या आधीच्या शतकांत सुरू झालेलं हिब्रू शास्त्राचं ग्रीक भाषांतर, त्यात या ओळीत विणकर नाहीच. तिथं आहे, माझं आयुष्य बोलण्याहून हलकं आहे आणि पोकळ आशेत नष्ट झालंय. लालिया, बोलणं. ना माग, ना धोटा. आणि हे तिला माहीत होतं, तिची ग्रीक हिब्रूपेक्षा चांगली आहे. पण विषय विणकामाचा आणि ग्रीकमध्ये विणकामच नाही म्हटल्यावर तिनं ते चौतिसाव्या पानाच्या तळटीपेत बारीक अक्षरात टाकून दिलं होतं.

मी तिला त्यावर बोलले, जरा जास्तच बोलले असेन. जो पुरावा आपल्याला अडचणीचा आहे तो वरच्या मजल्यावर, उजेडात ठेवायचा असतो. आणि वर आणल्यावर तो अडचणीचा राहिलाही नाही. कल्लू या क्रियापदाचा धातू क-ल-ल, त्याचा पहिला अर्थ हलकं असणं आणि त्यातूनच वेगवान असणं. ग्रीक भाषांतरकारानं हलकं घेतलं, बाकीच्यांनी वेगवान घेतलं. पुढच्याच ओळीत ईयोब म्हणतो आठव की माझं आयुष्य रूआख आहे, वारा, श्वास. म्हणजे हलकेपणा तिथं शेजारीच आहे. मग बायबलचं जुनं लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमचं लॅटिन आणलं, तिथं माझे दिवस विणकर कापड कापतो त्याहून लवकर गेले असं आहे, म्हणजे जेरोमनं ईयोबाच्या ओळीत यशयाची कात्री चालवली. एका शब्दाचे तीन रस्ते, बोलणं, कात्री, धोटा. चाळीस पानांत एकच रस्ता होता, सव्वीस पानांत तिन्ही आले, आणि तिनं तिन्ही तोलून आपलं मत दिलं.

मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या अकराव्या गुहेत १९५६ला ईयोबाचा तर्गुम, म्हणजे जुनं अरामी भाषांतर, सापडला, तो तरी काय म्हणतो म्हणून तिनं एक अख्खी रात्र मोबाइलवर स्कॅन शोधले. सकाळी फोन आला, अक्का, तो सतराव्या अध्यायापासूनच उरलाय. आधीचं सगळं गेलं. आवाजात इतकी हळहळ होती की मला बरं वाटलं, म्हणजे पोरगी थीसिस सोडणार नव्हती.

पुढं काय झालं

गड्ड्याची, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेची, गर्दी सुरू व्हायच्या आत ती पुण्याला परत गेली. सोलापूर-पुणे गाडी केडगावावरून जाते, आणि दर वेळी ती तिथं खिडकीशी येऊन बसते, कारण तिथं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. रमाबाई संस्कृतात पंडिता होत्याच, उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी मुळावरून मराठी बायबल केलं, १९२२ला त्या गेल्या तोवर काम हातावेगळं करत आणलं, आणि ते मिशनच्याच छापखान्यात तिथल्या बायकांनी छापलं. हिब्रू शिकून काय करणार हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी केडगावात कुणीतरी विचारला असेलच.

गाइडनी सव्वीस पानं तीन आठवड्यांनी परत पाठवली. खुणा भरपूर, लाल शाईनं, पाच-सहा ठिकाणी कडक. जेरोमचा भाग वाढव, तर्गुमबद्दलचं वाक्य काढ, मुलाखत परिशिष्टात पूर्ण दे, तेलुगूत आणि मराठीत दोन्ही. आणि पहिल्या पानावर, जिथं मागच्या वेळी कुठला माग लिहिलं होतं तिथं, प्रकरण मंजूर. तिनं स्वतःचं भाषांतर शेवटी दिलंय, माझे दिवस मागावरच्या कामाहून हलके पळाले आणि धागा सरला, आशा सरली. मला ‘मागावरच्या कामाहून’ जड वाटतं आणि मी तसं सांगितलंय, ती ऐकत नाहीये, म्हणते एरेगचा अर्थ मला ठरवता येत नाही तर मी धोटा लिहून ठरवल्यासारखं दाखवणार नाही. तिचं बरोबर आहे असं मला हळूहळू वाटायला लागलंय.

चर्चमध्ये एका रविवारी तिनं हे सगळं वीस मिनिटांत सांगितलं, तातांना पुढच्या बाकावर बसवून. ज्यांनी हिब्रूबद्दल विचारलं होतं त्यातल्या एकांनी नंतर येऊन राहाबच्या दोऱ्याचा अध्याय कुठला ते लिहून घेतलं.

आता चौथं प्रकरण सुरू आहे, नीतिसूत्रे ३१:१९. त्या ओळीत सूत कातायची दोन साधनं आहेत, पेलेख आणि कीशोर. पेलेख म्हणजे चाती किंवा टकळी हे बऱ्यापैकी ठरलेलं, पण कीशोर हा शब्द सगळ्या हिब्रू बायबलात एकदाच येतो आणि त्याच्यावर अजून वाद आहे. ड्राफ्ट लिहायच्या आधीच तिनं वहीच्या समासात मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, कुठली टकळी? परवा फोन करून म्हणाली, अक्का, कांड्या मी भरल्यात पण सूत कधी कातलं नाही, लोकर हातानं कातणारं कुणी आहे का बघ ना. सांगोल्याकडं धनगर वस्तीत एक आजी अजून टकळीवर लोकर कातून घोंगड्याला सूत देतात असं शाळेतल्या शिपाईमामांकडून कळलंय. तिची सुट्टी लागली की आम्ही दोघी जाणार आहोत, ताताही म्हणतायत मी येतो, गाडीत पुढं बसवा.